पंप चालू आहे, घरच्यांना हात हवाय

सस्नेह नमस्कार,

तान्हं बाळ दूध ओढताना घामाघूम होतं, चार घोटांत दमून झोपतं. थोडं मोठं मूल पोट दुखतं म्हणतं, उलट्या करतं, आणि घरात अपचनाची औषधं सुरू होतात. हृदय थकल्याची खूण अशीही असते, हे आमच्यापैकी बहुतेकांना आयसीयूच्या दारातच कळलं. कुणाच्या मुलाच्या हृदयाला विषाणूसंसर्गानंतर सूज आली होती, कुणाचा स्नायू ताणून ढिला पडला होता, कुणाच्या हृदयाची रचनाच जन्मतः वेगळी होती. अशा मुलांच्या पालकांनी मिळून आमचं हे मंडळ चालवलं आहे.

औषधं पुरेनाशी झाली की यंत्राचा आधार लागतो. एक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत आत सोडणारं यंत्र, थोड्या दिवसांचा सोबती. हृदय सावरेपर्यंत किंवा दुसरं मिळेपर्यंत महिनोन् महिने थांबायचं तर हृदयाच्या मदतीला रक्त ढकलणारा पंप बसवावा लागतो. अगदी लहानग्यांसाठी बर्लिन हार्ट एक्सकॉर हा पंप वापरतात. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. त्याचा सर्वांत छोटा कप्पा १० मिलिलिटरचा, म्हणजे औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या मापाएवढा. तो शरीराबाहेर, पोटाजवळ असतो. आत एक पडदा, एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला हवा. हवेचा दाब आला की रक्त पुढे सरकतं. कप्पा पारदर्शक असतो, म्हणून नर्स दर पाळीला टॉर्च लावून त्यात गुठळी धरतेय का ते बघतात. गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होऊ शकतो, आणि ती टाळायला रक्त पातळ ठेवावं तर रक्तस्रावाची भीती. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून डॉक्टर रोज चालतात. आईबाप त्या टॉर्चच्या उजेडाकडे बघत बसतात.

काही मुलांचं हृदय सावरतं आणि पंप काढता येतो. बाकीच्यांना दुसऱ्या हृदयाची वाट पाहावी लागते. तेही रक्तगटाला जुळणारं आणि मुलाच्या शरीराला बसेल एवढंच हवं, त्यामुळे किती थांबायचं ते कुणीच सांगू शकत नाही.

स्पष्टच सांगतो, पंप विकत घेण्याची आमची ऐपत नाही, आणि तसं आश्वासन आम्ही कुणाला देतही नाही. आमचं काम त्या थांबण्याच्या दिवसांचं आहे. एक पालक नोकरी सोडून खाटेशी बसलेला, दुसरा पैशांच्या मागे, धाकटी भावंडं शेजाऱ्यांकडे. एक आई आम्हाला म्हणाली, "दोन तास कुणी तिच्याजवळ बसलं ना, तर मी केस धुऊन येईन." अशा गोष्टी कुठल्याच बिलात दिसत नाहीत.

म्हणून मागणं असं. रुग्णालयाजवळ या कुटुंबांसाठी खोल्या भाड्याने घ्यायच्या आहेत, त्यासाठी जमेल ती रक्कम द्या. पावती मिळेल, हिशेब कधीही बघायला या. आठवड्यातून दोन तास देणारी माणसं हवीत, गोष्टी सांगणारी, गणितं घेणारी. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र कृपा करून येऊ नका. खेळणी पुसून स्वच्छ करता येतील अशीच द्या, केसाळ बाहुल्या नकोत. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त आणि प्लेटलेट लागतात, तेव्हा रक्तदात्यांच्या यादीत नाव नोंदवा.

एक मागणं जड आहे, तरी लिहितो. मुलांना मिळणारं हृदय बहुतेक वेळा दुसऱ्या मुलाचंच असतं. अवयवदानाबद्दल घरात सगळे धडधाकट असतानाच एकदा बोलून ठेवा. कधी तशी वेळ आली आणि डॉक्टरांनी विचारलं, तर निदान प्रश्न नवा वाटणार नाही.

रक्कम आणि नावं मंडळाच्या कार्यालयात स्वीकारली जातील. या महिन्यात सर्वांत निकडीची गरज रात्रपाळीला बसणाऱ्यांची आहे.

आपले,
मंडळाचे सर्व पालक