कळ थांबली म्हणजे निदान झाले असे नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

छातीत मधोमध कळ येते, ईसीजी नॉर्मल निघतो आणि ‘गॅस असेल’ म्हणत विषय मिटवला जातो. काही वेळा दुखणे अन्ननलिकेचे असते. घास खाली ढकलणारे स्नायू अवेळी किंवा अति जोराने आवळतात, म्हणजे अन्ननलिकेला पेटके येतात. ही कळ पाठीत, जबड्यातही जाते, म्हणून आधी हृदय तपासायलाच हवे. त्यासाठी एकच ईसीजी पुरत नाही. हृदयाच्या दुखण्यात जिभेखाली ठेवतात त्या नायट्रेटच्या गोळीने बरे वाटले, यावरूनही काही ठरत नाही. तीच गोळी अन्ननलिकेचा स्नायूही सैल करते.

हृदय ठीक असेल तर पुढचा संशयित म्हणजे वर येणारे आम्ल. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, साधारण 8 आठवडे घ्याव्या लागतात. अनेकजण त्या जेवणानंतर घेतात आणि ‘लागू पडत नाही’ म्हणतात.

एंडोस्कोपीत अन्ननलिका बहुधा निरोगी दिसते, कारण बिघाड हालचालीत असतो. तो मॅनोमेट्री या दाबाच्या तपासणीत सापडतो. नाकातून बारीक नळी घालून पाण्याच्या प्रत्येक घोटामागचा दाब मोजतात. किमान 20 टक्के घोटांत खालचा भाग 4.5 सेकंदांच्या आत आवळला, तर पेटके धरतात. ट्रामाडॉल, मॉर्फिनसारखी वेदनाशामकेही हेच चित्र उभे करतात, हे विचारायचे राहून जाते.

डिल्टियाझेम (स्नायू सैल करणारे रक्तदाबाचे औषध) किंवा नायट्रेटने अन्ननलिकेतला दाब उतरतो. पण रक्तदाबही उतरतो, डोके दुखते आणि जठराच्या तोंडाची झडप सैल पडून आम्ल वर येणे वाढू शकते. नायट्रेटसोबत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) कधीच घेऊ नये, रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. रात्री 10 ते 25 मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचे औषध लिहून दिले, तर डॉक्टर आपल्याला मनोरुग्ण समजतात असे मानू नये. ते वेदनेची जाणीव कमी करते.

एवढ्यानेही भागले नाही, तर एंडोस्कोपीतून बोटॉक्स हे स्नायू सैल करणारे इंजेक्शन देतात, बहुधा 100 युनिट. त्याचा असर काही महिन्यांत ओसरतो. तोंडावाटे आतून स्नायू कापण्याची ‘पोएम’ शस्त्रक्रिया 2008 साली जपानमध्ये अ‍ॅकॅलेशियासाठी, म्हणजे गिळताना ही झडप नीट न उघडण्याच्या विकारासाठी, सुरू झाली. पेटक्यांत तिची खात्री तितकी नाही आणि नंतर आम्लाचा त्रास बऱ्याच जणांना होतो. मॅनोमेट्री न करता कोणी थेट हा सल्ला दिला, तर दुसरे मत घ्यावे. तपासणीला जाताना चालू औषधांची यादी न्यावी. कोणते किती आधी थांबवायचे, ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

आपला,
एक वाचक