ग्राइंडरला सील ठोकू नका, त्याचं पाणी अडवा

माननीय नगरविकास मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

नाल्यात प्लास्टिकचा चुरा दिसला की भंगाराच्या गोदामांवर छापे पडतात, प्लास्टिकचा चुरा करणाऱ्या यंत्राला, म्हणजे ग्राइंडरला, सील लागतं. काही दिवसांनी तोच ग्राइंडर आणखी आतल्या गल्लीत सुरू होतो आणि तिथल्या सांडपाण्याला कुणी वाली नसतो. कचरावेचकांनी निवडून आणलेला माल घेणारं गोदामच बंद पडलं, तर तो माल डेपोवर किंवा थेट नाल्यात जातो. म्हणून काम चालू राहू द्या, गळती बंद करा.

मोठी गळती चुरा धुण्यापाशी आहे. ग्राइंडरची पाती बोथट झाली की बाटली कापली न जाता फाटते, पिठासारखा भुगा वाढतो आणि तो धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. पात्यांना वेळेवर धार लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

त्यापुढे नुसती निवळणीची टाकी पुरत नाही. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, पाण्यापेक्षा जड, घनता सुमारे 1.38 (पाण्याची 1), ते तळाशी बसतं. झाकणांचं पॉलिप्रॉपिलीन (सुमारे 0.90) आणि पिशव्यांचं पॉलिथिन तरंगतं आणि वरच्या तोंडातून सटकतं. टाकीला तीन कप्पे हवेत: पहिल्यात बारीक जाळी, दुसऱ्यात निम्मी पाण्यात बुडालेली आडवी फळी, म्हणजे तरंगता चुरा तिथेच अडेल, आणि तिसऱ्यात वाळूची गाळणी. वरचा थर रोज काढायचा, तळाचा गाळ साचेल तसा उपसायचा आणि दोन्ही पोत्यांत भरून छपराखाली ठेवायचे. उघड्यावर राहिले तर एका सरीत सगळं नाल्यात. लेबलांचा डिंक काढणारं गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडण्याआधी त्याचा दाहक क्षार मारून ते उदासीन करावं लागतं. एकेकट्या छोट्या गोदामाला हे झेपत नाही. प्रत्येक वस्तीत सामायिक धुलाई केंद्र द्या.

दुसरी गळती उरलेल्या मालाची. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवलेल्या वेष्टनांना गिऱ्हाईक नाही. ती मागच्या बाजूला साठतात, मग पेटवली जातात. हा माल पालिकेने ठरल्या वारी फुकट उचलावा. वजनावर पैसे लावलेत, तर तो रात्रीतून नाल्यात जाईल.

एक्स्ट्रूडरमधल्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातल्या, तारेच्या जाळ्याही तुंबल्या की जाळूनच साफ करतात; तो काळा धूर कामगाराच्या तोंडावर येतो. जुनी जाळी द्या, नवी घ्या, अशी सोय केली तर हे थांबेल.

पीव्हीसीची लेबलं मात्र कारखान्यातच थांबवावी लागतील. पीव्हीसीही पीईटीसारखं बुडतं, त्यामुळे पाण्यात वेगळं होत नाही. पीईटी वितळवायला साधारण 250 अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. तेवढ्या तापात पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, डोळे चुरचुरतात, तयार होणारा प्लास्टिकचा दाणा पिवळा पडतो. पीईटीच्या बाटलीवर पीव्हीसी नको, एवढा नियम आपण काढू शकता.

सील लावण्याआधी तपासनिसाने एवढं करावं: नाल्याला मिळणाऱ्या तोंडाशी पारदर्शक बाटली भरून तासभर स्थिर ठेवावी. वर चुऱ्याचा थर दिसला तर आडवी फळी नाही किंवा तुंबली आहे. तळाशी दिसला तर गाळ उपसलेला नाही. गोदामाला तेवढी दुरुस्ती लेखी सांगावी, मुदत द्यावी आणि पुन्हा बाटली भरून पाहावी.

आपले,
प्लास्टिक निवडणी आणि पुनर्प्रक्रियेच्या कामातले आम्ही