लिफ्टबंदीच्या नोटिशीबाबत चौथं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यालय

विषय : पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी व बिलातला दंड

स.न.वि.वि.

आधीच्या तिन्ही पत्रांच्या पोच घेतलेल्या प्रती माझ्याकडे आहेत. उत्तर एकालाही आलं नाही. सचिवांना विचारलं की "बघू मॅडम, मीटिंगमध्ये घेऊ." त्यानंतर दोन मीटिंगा झाल्या.

माझं वय ७१. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि घर चौथ्या मजल्यावर. नोटीस लागल्यापासून माझ्या कुत्र्याला, बंड्याला, घेऊन ७२ पायऱ्या दिवसातून दोनदा उतरते, दोनदा चढते. तो दर वळणावर थांबतो, मागे बघतो, आणि मी कठडा धरून तिथवर पोचले की मगच पुढची पायरी चढतो. कमिटीतल्या कुणी आजवर साधं "गुडघे कसे आहेत" विचारलेलं नाही.

भारतीय पशुकल्याण मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक पहिल्याच पत्राला जोडलं होतं. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यापायी वेगळे पैसेही घेता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी माझ्या मेंटेनन्सच्या बिलात ५०० रुपये दंड लागला! सचिव परिपत्रकातला साफसफाईचाच भाग वाचून दाखवतात. तो सल्ला आहे. ऑगस्टमध्ये बंड्याचं पोट बिघडलं होतं तेव्हा एकदाच लिफ्टमध्ये घाण झाली आणि ती मी स्वतः फिनेलने पुसली.

हे २०१९ ला गेले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, लेकाने बूट पाठवले, ते दीड वर्ष खोक्यातच राहिले. मग एका पावसाळ्यात पार्किंगमध्ये हे भिजलेलं पिल्लू सापडलं. आता साडेपाचला तो माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून बसतो, उठावंच लागतं. त्याची पोळी कुस्करताना माझी बीपीची गोळी आठवते. खाली चार माणसं त्याच्या निमित्ताने माझ्याशी बोलतात. नाहीतर आठ-आठ दिवस दूधवाल्याखेरीज कुणाशी शब्द होत नव्हता.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची वर्षभर नोंद ठेवली आणि १९८० साली ती प्रसिद्ध केली. घरात प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. हे ग्रुपवर टाकलं तर पंधरा मिनिटांत मेसेज उडवला. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या फोटोंना मात्र ग्रुप पुरला.

तक्रार एकाच घराची आहे, तिसऱ्या मजल्यावरची. त्यांचं चपलांचं कपाट तीन वर्षं पॅसेजमध्ये आहे, कचऱ्याची पिशवी रात्रभर दाराबाहेर गळते, दिवाळीत बारा वाजेपर्यंत फटाके. त्यावर मी लिहिलं होतं, नोटीस निघाली नाही. आमच्या विंगमधल्या निम्म्याहून अधिक बिऱ्हाडांची बंड्याबद्दल काही तक्रार नाही. नावं देत नाही, त्यांना वाद नकोत. पण त्यांची मुलं शाळेतून आली की आधी बंड्याला हाक मारतात.

लिफ्टमधली नोटीस काढावी, ५०० रुपये पुढच्या बिलात वळते करावेत आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावं. पॅसेजमधलं कपाटही त्याच दिवशी हलवावं. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर चारही पत्रं घेऊन मी उपनिबंधक कार्यालयात जाईन. या वयात मला ते करायला लावू नका.

रविवारच्या मीटिंगला मी येणार आहे. बंड्याला घेऊन, लिफ्टने.

कळावे,
फ्लॅट क्र. ४०२