शिक्षा लागल्यावर आधी अपील, हेबियस नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सत्र न्यायालयाने दहा वर्षे किंवा जन्मठेप सुनावली की कोर्टाच्या आवारातच घरच्यांना कुणीतरी सांगतो, ‘हायकोर्टात हेबियस टाका, माणूस सुटेल.’ सोयाबीनचे आलेले पैसे त्यात जातात, कधी एखादा एकर गहाण पडतो, आणि तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते. हे थांबायला हवे, म्हणून हे पत्र.

हेबियस कॉर्पस म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरण याचिका. कैद बेकायदा आहे का, एवढेच तिच्यात पाहिले जाते. सक्षम न्यायालयाच्या शिक्षेच्या वॉरंटवर माणूस आत असेल तर साक्षीपुरावे त्या याचिकेत पुन्हा तपासले जात नाहीत. अमेरिकेत राज्याच्या कोर्टाने दोषी ठरवलेला कैदी तिथले मार्ग संपवून संघराज्याच्या कोर्टात हेबियस मागू शकतो (1996 पासून त्यालाही साधारण एका वर्षाची मुदत आहे). आपल्याकडे तशी दुहेरी न्यायालये नाहीत. साक्षीदार खोटा होता, पंचनामा चुकीचा होता, हे सांगण्याची जागा अपील हीच.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेवरचे अपील विदर्भातून नागपूर खंडपीठात जाते. मुदत 60 दिवस, फाशी असेल तर 30. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर साधारणपणे सत्र न्यायालयात, 30 दिवसांत. निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि फुकट मिळायलाच हवी. वेगळी नक्कल मागितली तर ती तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. म्हणून नकलेवरच्या अर्जाच्या आणि तयार झाल्याच्या तारखा जपून ठेवाव्यात.

वकिलाला द्यायला पैसे नसले तरी अडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 424 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले 383) कैदी तुरुंगातूनच अपील देऊ शकतो आणि अधीक्षकाने ते योग्य त्या अपील न्यायालयाकडे पाठवायचे असते. 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करावा किंवा तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्यावा.

बिघडते ते इथे. निकालाची प्रत कैद्याजवळ राहते आणि घरच्यांकडे कागदच नसतो. वकालतनाम्यावरचा अंगठा तुरुंगाधिकाऱ्याकडून साक्षांकित नसतो, म्हणून तो परत येतो. जिल्हा कारागृहातून अमरावती किंवा नागपूर मध्यवर्तीत बदली होते आणि अर्ज मागेच राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे घरच्यांना वाटते खाजगी वकिलाने अपील टाकले, आणि वकिलाला वाटते तुरुंगातून गेले. अपील क्रमांक हातात येईपर्यंत अपील झाले असे धरूच नये. क्रमांक मिळाला की ‘ई-कोर्ट्स’ या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण ‘गरिबीमुळे उशीर झाला’ एवढ्यावर भागत नाही. प्रत कधी मिळाली, बदली कधी झाली, हे तारखांसह लिहावे लागते. शिवाय अपील दाखल झाले म्हणून माणूस बाहेर येत नाही. शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 खाली वेगळा करावा लागतो.

मग शिक्षा झालेल्यासाठी हेबियस कधी? शिक्षा संपूनही आत ठेवले असेल तेव्हा. बिहारचे रुदुल शाह प्रकरण सर्वांना माहीत असायला हवे: 1968 मध्ये निर्दोष सुटलेला माणूस 1982 पर्यंत तुरुंगात होता, आणि 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच याचिकेत त्याला भरपाई दिली. पण याचिका टाकण्याआधी शिक्षा खरेच संपली का, याचा हिशेब नीट मांडावा. समजा सात वर्षे सक्तमजुरी, दहा हजार दंड, तो न भरल्यास आणखी सहा महिने, आणि त्याच खटल्यात कच्च्या कैदेचे 14 महिने झालेले. ते 14 महिने सात वर्षांतून वजा होतात, उरतात पाच वर्षे दहा महिने. दंडाबदलच्या सहा महिन्यांतून मात्र काहीही वजा होत नाही. ते टाळायचे तर शिक्षा देणाऱ्या कोर्टात दंड भरून पावती तुरुंगात पोहोचवावी. अर्धा दंड भरला तर ती कैदही त्या प्रमाणात घटते. एकाच खटल्यात दोन शिक्षा असतील आणि त्या एकत्र भोगायच्या असे निकालात लिहिले नसेल, तर जुन्या संहितेप्रमाणे त्या एकापाठोपाठ चालत; नव्या संहितेत एकत्र की एकापाठोपाठ, हे न्यायालयाने सांगायचे असते. ती ओळ आधी शोधावी.

आणखी एक दार शेवटपर्यंत उघडे असते. गुन्ह्याच्या दिवशी वय 18 पेक्षा कमी होते, हा दावा अंतिम निकालानंतरही करता येतो. नागपूर मध्यवर्ती कारागृहातल्या फाशीच्या एका कैद्याला मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने सोडले, शाळेतल्या जन्मतारखेच्या नोंदीवरून. वय ठरवताना शाळेचा दाखला पहिला, मग ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. जुन्या जिल्हा परिषद शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर वाळवीला देऊ नका, असे मुख्याध्यापकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे.

विदर्भातल्या सत्र न्यायालयांनी आरोपीला दिल्या जाणाऱ्या निकालाच्या पहिल्या पानावर ‘अपिलाची शेवटची तारीख’ आणि 15100 हा क्रमांक मराठीत, ठळक शिक्क्याने छापावा, अशी आमची जिल्हा न्यायाधीशांना विनंती आहे.

आपले,
विधी सेवा स्वयंसेवक, यवतमाळ जिल्हा