थंडीत वाचनालय संध्याकाळी उघडे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीचा आनंद कसा घ्यावा, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेले पान मी वाचले आणि कापून ठेवले. पुस्तके, चित्रप्रदर्शन, घरी भाजलेला केक, सकाळचा व्यायाम, सगळेच पटण्यासारखे होते. पण त्यातले एकूण एक ठिकाण शहरातले होते. मी लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, अंगणवाडीत काम करते आणि घरची धानाची शेती आहे. थंडीत वाचायला, नाटक पाहायला, काही निवांत भाजून खायला वेळ असलाच तर तो आमच्याकडेच असतो. कापणी झाली, पुंजणे (धानाचे ढीग) मोडून चुरणे, म्हणजे मळणी, आटोपले, धान घरात नाहीतर खरेदी केंद्रावर गेले, की रोवणीपासून वाकलेली माणसे पहिल्यांदा पाठ टेकतात. पावसाळ्यात आमच्याकडे पुस्तक कोणी हातात धरत नाही. वर्षाचे वाचन म्हणजे दिवाळी ते शिवरात्र, तेवढेच.

आणि नेमके याच दिवसांत आमच्या गावचे वाचनालय संध्याकाळी बंद असते. पत्र लिहायचे कारण हेच.

वाचनालय लहान आहे, सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गातले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अशा लहान वाचनालयांनाही सरकारी अनुदान मिळते, ही मोठी गोष्ट आहे. आमचे वाचनालय सकाळी उघडते आणि दुपारी कुलूप लागते. त्या वेळात मुले शाळेत, बाया वावरात, पुरुष केंद्रावर काट्याच्या रांगेत. येतात ते निवृत्त झालेले दोघे-चौघे, पेपर चाळून जातात. कपाटे उघडतच नाहीत. ग्रंथपालाला मी दोष देत नाही. तेवढ्या मानधनात घर चालत नाही, त्याला दुसरे काम करावेच लागते. माझे म्हणणे एवढेच की तास वाढवू नका, फक्त पुढे सरकवा. कार्तिकापासून माघापर्यंत संध्याकाळी सहा ते साडेआठ. खर्च वाढेल तो एका दिव्याचा आणि जमिनीवर टाकायच्या सतरंजीचा.

वाचणारे येतील का, असे ग्रामसभेत विचारले गेले. मी आमच्या ओसरीचे उदाहरण देते. पौष लागला की धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगा घरोघरी येतात. दुपारी उन्हात बसून आम्ही बाया सोले, म्हणजे ओले दाणे, काढतो. टोपलीभर शेंगा सोलायच्या म्हणजे वेळ जातोच, म्हणून एकीने वाचायचे आणि बाकीच्यांनी सोलायचे असे सुरू झाले. वाचणारीच्या वाट्याचे सोले बाकीच्या काढून देतात. पहिल्यांदा दिवाळी अंकातल्या कथा वाचल्या. दिवाळी अंकांची प्रथा मराठीत १९०९ पासूनची, आणि दिवाळीचे चार दिवस सरल्यावरच ते खरे वाचले जातात. आमच्याकडे तर एक अंक संक्रांतीपर्यंत पाच-सहा घरे फिरतो. मग एका घरातून प्रवासवर्णन निघाले, नंतर एका बाईचे आत्मचरित्र.

त्या आत्मचरित्राने ओसरी बदलली. माझ्या चुलतसासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पुस्तकातली बाई नवऱ्याच्या मागे एकटीने वावर सांभाळते, तो भाग आला तेव्हा त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हणाल्या, “थांब वो, मागचं पान परत वाच.” मी परत वाचले. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावले. त्यानंतर त्या रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागल्या. पुस्तक संपले तेव्हा त्यांनी विचारले, असे अजून आहे का? आहे, वाचनालयाच्या कपाटात आहे. पण कपाट उघडे असते तेव्हा आम्ही वावरात असतो.

ज्यांना वाटते की खेड्यात वाचक नाही, त्यांनी एखाद्या दुपारी अशा ओसरीवर येऊन बसावे.

आता कलेबद्दल. पुरवणीत चित्रदालने आणि नाट्यगृहांची नावे होती. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या आमच्या झाडीपट्टीत भाऊबिजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात आणि त्यांच्याबरोबर नाटकांचा हंगाम सुरू होतो तो थेट उन्हाची चाहूल लागेपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावातले मंडळ तिथे जाऊन तारीख ठरवते, धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. पुढे ऑर्गन, तबला, ढोलकी. मागे रंगवलेले पडदे. आणि समोर घोंगडी-ब्लँकेटे पांघरून बसलेले अख्खे गाव. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, चहा घेताघेता सोयरिकी निघतात. हे नाटक सरकारी मदतीवर नाही, तिकिटावर चालते. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले, कारण त्यांची कामे इथल्या लोकांनी थंडीत कुडकुडत समोर बसून पाहिली आहेत. बैलांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता कायम केल्यापासून दिवसा शंकरपट (आमच्याकडची बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक ही जुनी जोडीही पुन्हा जमली आहे.

मला या रंगभूमीचे फार प्रेम आहे, म्हणून एक खटकणारी गोष्टही लिहिते. अलीकडे काही प्रयोगांत कथा बाजूला राहते आणि नाचगाणेच लांबते. प्रेक्षक उठून जात नाहीत म्हणून ते त्यांना आवडते असे समजू नये. हुंड्यावरचे, दारूवरचे, शेतकऱ्याच्या कर्जावरचे नाटक लागले की मंडपात बाया शेवटपर्यंत जाग्या असतात, हे कोणत्याही मंडळाच्या पोराला विचारा.

दिवसा जायचे तर नवेगावबांधचा तलाव आहे. थंडीत तिथे चक्रवाक आणि इतर पाहुणी बदके उतरतात. गोंदियाकडे नशीब असेल तर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसते. पवनीत जुन्या कोटाच्या भिंती आहेत आणि जवळच बौद्ध स्तूपाचे अवशेष. शाळांच्या सहली लांबच्या वॉटर पार्कला जातात. पोरांनी एकदा तरी हे पाहावे.

भाजण्याबद्दल मात्र पुरवणीशी माझे थोडे भांडण आहे. ओव्हन नसेल तर घरी भाजणे जमत नाही असा समज त्यातून होतो. विदर्भात रोडगे आणि पानगे किती पिढ्यांपासून भाजले जातात! पानग्यासाठी कणकेत मीठ, ओवा, थोडे तेल घालून घट्ट भिजवायचे, पळसाच्या पानावर जाडसर थापायचे, वरून दुसरे पान लावायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायचे. पान करपते, आतले पीठ वाफेवर शिजते आणि पानाचा वास धरते. पळस फुलण्याआधी पाने गाळतो, म्हणून हे काम थंडीतच उरकून घ्यावे. रोडग्याला घडीचे पदर असतात; निखाऱ्यातून काढून राख पुसली, फोडला आणि तुपात बुडवला की सोबत वांग्याची भाजी पुरे. आमच्याकडे हा स्वयंपाक पुरुष करतात, तेही मला फार आवडते.

केकही होतो. माझी मुलगी कुकरमध्ये करते. तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकणाची शिटी आणि रबर दोन्ही काढलेले. मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ, दही, आणि आंबिया बहाराच्या संत्र्याचा रस. दही आणि रस आंबट, त्यामुळे सोडा पडताच पीठ फुगायला लागते. तेवढ्यात भांडे कुकरमध्ये गेले पाहिजे, ढवळत बसले तर हवा निघून जाते आणि केक दडस होतो. मंद आचेवर पाऊण तास. नाताळात अंगणवाडीच्या पोरांनी तो खाल्ला तेव्हा त्यांना संत्र्याचा वास ओळखायला लावला होता, सगळ्यांनी बरोबर ओळखला.

आरोग्याचे दोन शब्द माझ्या कामामुळे लिहिते, कारण पुरवणीत ते नव्हते आणि आमच्या भागाला ते सगळ्यात लागू आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. थंडी लागणे आणि पाणी कमी पिणे या दोन्हींमुळे त्यांच्या वेदनांचा झटका उठू शकतो. थंडीत तहान लागत नाही, म्हणून अशा मुलांना आठवण करून कोमट पाणी पाजत राहावे. नाटकाला नेऊ नका असे मी कधी म्हणत नाही. स्वेटर, कानटोपी, पायमोजे घाला, पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि पोर कुरकुरले तर घरी परता. दुखणे वाढले, ताप आला किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. दुसरे, रात्री दारे-खिडक्या लावून आत शेगडी पेटवून झोपू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही.

आणि ज्यांना यातले काहीच मिळत नाही त्यांची नोंद व्हावी. शेतीपंपाला रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला, उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांना (रोपांना) पाणी द्यायला माणूस मध्यरात्री वावरात जातो. अंधार, रानडुकरे, कधी बिबट, आणि पाय गार पाण्यात. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हाही लोक पाणी देत होते. दिवसा वीज मिळाली तर ही माणसेसुद्धा संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसतील.

माझ्या मागण्या दोन. वाचनालयाची हिवाळी वेळ संध्याकाळची करावी, हे आपण छापले तर इतर गावांतही विचार होईल. दुसरी आपल्याकडेच आहे. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत आज काय लागले आहे ते पेपरात रोज वाचायला मिळते. तशीच आपल्या विदर्भ आवृत्तीत झाडीपट्टीची यादी द्यावी: गाव, नाटक, कंपनी, वेळ. मंडळे आपली पत्रके ग्रामपंचायतीच्या आणि पानठेल्यांच्या भिंतींवर लावतात. लाखांदूर तालुक्यातली मी गोळा करून दर आठवड्याला आपल्या वार्ताहराकडे पोहोचवीन. पवनी आणि साकोलीसाठी तिथल्या सेविका मैत्रिणींशी बोलणे झाले आहे, त्या तयार आहेत.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. लाखांदूर, जि. भंडारा