डिझेल सुधारले, युरियाच्या टाकीचे काय?

संपादक महोदय,

‘बीएस-6मुळे शहरांची हवा सुधारणार’ हा कालच्या अंकातला लेख वाचला. (बीएस-6 म्हणजे वाहनांच्या धुरासाठीचे सरकारी मानक.) 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग) गंधकाचे डिझेल मिळू लागले, हे बरोबर. पण लेख तिथेच थांबला, याचा राग येतो. गंधक 50 वरून 10 वर आणले ते मुख्यतः धुराच्या वाटेवरचे फिल्टर आणि कॅटॅलिस्ट (धुरातल्या घातक वायूंचे रूपांतर घडवणारा भाग) टिकावेत म्हणून. ती यंत्रणाच बंद पाडली तर चांगल्या डिझेलचा उपयोग कितीसा?

नव्या ट्रक-बसला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते. तिच्यात 32.5 टक्के युरिया, बाकी क्षारमुक्त पाणी. ते गरम धुरात फवारले की अमोनिया तयार होतो आणि कॅटॅलिस्टवर धुरातल्या घातक नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन व पाणी होते. 100 लिटर डिझेलमागे हे द्रावण साधारण 3 ते 5 लिटर लागते. तेवढा खर्च वाचवायला शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात घोळवतात. मग क्षारांचा पांढरा थर नोझलच्या तोंडाशी धरतो, फवारा तुटतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद उतरते. त्यावर गॅरेजवाल्यांचा उपाय म्हणजे इम्युलेटर. वायरिंगला जोडलेली ही छोटी डबी इंजिनाच्या कॉम्प्युटरला फवारणी चालू असल्याचा खोटा संदेश देत राहते. टाकी कोरडी, तरी दिवा बंद आणि गाडी पूर्ण ताकदीने पळते.

अशी गाडी पीयूसीत, म्हणजे प्रदूषण तपासणीत, पास होते! डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता, म्हणजे तो प्रकाश किती अडवतो, तेवढेच मोजतात. बीएस-6ची मर्यादा प्रति मीटर 0.7. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. तो काळ्या धुरासारखा डोळ्यांना दिसत नाही, पण दमेकऱ्यांना त्याचाच त्रास होतो आणि उन्हात त्याच्यापासून ओझोन तयार होतो. धुराची चाचणी तरी नीट व्हावी. इंजिन तापवून पेडल झटक्यात तळापर्यंत दाबायला हवे. अर्धवट दाबले की आकडा कमी येतो.

गाडीची फिटनेस तपासणी करणाऱ्यांनो, युरियाच्या टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणातले युरियाचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) ठेवून पाहा, वायरिंगला उपरी डबी जोडली आहे का ते शोधा आणि वर्षभराची युरियाची बिले डिझेलच्या बिलांशी ताडा. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या नुसत्या स्कॅनरवर विसंबू नका, इम्युलेटर त्यालाही फसवतो.

पंपचालकांनाही कुणीतरी सांगावे की या युरिया-द्रावणाचे डबे उन्हात रचू नयेत. 30 अंशांच्या आत ते वर्षभर टिकतात, 35 अंशांत जेमतेम सहा महिने. नागपूरच्या मे महिन्यात पंपाच्या भिंतीशी ठेवलेला डबा त्याआधीच बिघडतो. चालकांनी तारीख वाचूनच घ्यावा.

– एक वाहन-तंत्रज्ञ, नागपूर