पाचपाखाडीच्या काकांना, जाहीर आभार

ती. स्व. काका,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या इमारतीतल्या आमच्या घराच्या विक्रीची नोंदणी झाली, किल्ल्याही नव्या मंडळींच्या हाती गेल्या. आभार मानायला फोन केला तर तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळे झालात. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. इमारतीतले लोक ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खारघरला माझ्याकडे आली ती आलीच. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे परत जायचा प्रश्नच उरला नव्हता. घर बंद पडून होतं. बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले: रीडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय आणि शेवटचा भाव सांगा. हॉल ओलांडून आत फारसं कोणी जायचंच नाही. एजंटचं म्हणणं, सगळं सामान काढून टाका, रंगाचा एक हात मारा, घर मोकळं दिसेल. सामान न्यायला टेम्पोवाला त्याच्याच ओळखीचा होता, हे वेगळं.

ज्या माणसानं जन्मभर नाटकांचे सेट उभे केले तो खालच्या मजल्यावर राहतोय, आणि घर दाखवावं कसं हे आम्ही एजंटला विचारत होतो! 1978 साली गडकरी रंगायतन सुरू झालं, तेव्हापासून तुमचं निम्मं आयुष्य तिथल्या विंगेत आणि उरलेलं दौऱ्यांच्या गाडीत गेलं. तुम्ही वर आलात, पण आत शिरलाच नाहीत. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणालात, "दार उघड. नजर पहिली कुठे जाते ते बघू दे."

नजर गेली ती बाबांच्या वेळच्या लोखंडी कपाटावर. बेडरूममध्ये मावलं नाही म्हणून ते हॉलच्या खिडकीला निम्मं आडवं लावलं होतं. ते तसंच बघत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यामुळे हॉल मुळातच अंधारा आहे अशी घरातल्या सगळ्यांची समजूत. कपाट हललं, मरून रंगाचे जाड पडदे उतरले, खिडकीच्या मच्छरजाळीवरचा धुळीचा थर ब्रशनं निघाला, आणि दुपारी बारालाही ट्यूबलाइट लावावी लागणाऱ्या त्या खोलीत सकाळचं ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत आलं. मग तुम्ही एजंटला फोनवर सांगितलंत की पार्टी अकराच्या आत आणायची, संध्याकाळी नाही. तो कुरकुरला, पण आणायला लागला.

सगळं सामान मात्र तुम्ही काढू दिलं नाहीत. "रिकामी खोली लहान दिसते. इथे पलंग बसतो की नाही, हे रिकाम्या फरशीकडे बघून कुणाला कळतं?" पलंग राहिला, चारांचं जेवणाचं टेबल राहिलं. सोफ्यातल्या दोन खुर्च्या, टीपॉय, शोकेस आणि दाराशी असलेला चपलांचा स्टँड गेला. दिव्यांचंही तसंच. एका खोलीत पिवळा दिवा, दुसरीत निळसर पांढरा, पॅसेजमध्ये तिसराच. तुम्ही सगळे बल्ब काढून एकाच रंगाचे, 4000 केल्विनचे, म्हणजे ना पिवळे ना निळसर असे मधल्या पांढऱ्या उजेडाचे लावायला लावलेत. मला वाटलं होतं की हे नाटकवाल्याचं वेड. संध्याकाळी सगळे एकदम लावले तेव्हा दारातून स्वयंपाकघरापर्यंत घर सलग दिसलं.

माळ्याचा विषय निघाला आणि आई अडून बसली. तिला जिना चढवत नव्हता आणि तिच्या मागे माळा रिकामा करायची माझी छाती नव्हती. तुम्ही नातवाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलात आणि एकेक वस्तू फोनसमोर धरत गेलात. "वहिनी, हे?" "ठेवा." "हे?" "तेही ठेवा." होल्डॉल ठेवा, लोणच्याच्या बरण्या ठेवा, बाबांच्या ऑफिसच्या डायऱ्या ठेवा. मी कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र न चिडता प्रश्न बदललात: "बरं वहिनी, खारघरला हे कुठे ठेवणार ते सांगा, म्हणजे तसं बांधतो." मग ती विचार करायला लागली. गौरी-गणपतीचं थर्माकोलचं मखर, 2018च्या बंदीच्याही किती तरी आधीचं, कोपरे झिजलेलं, तिनं स्वतःच्या तोंडानं "जाऊ दे" म्हटलं. खलबत्ता, समई आणि डायऱ्यांपैकी एक, एवढंच तिनं मागितलं. बाबांचा हार घातलेला फोटो तुम्ही स्टुलावर चढून स्वतः उतरवलात, काच पुसलीत, पंच्यात गुंडाळलात आणि माझ्या हातात दिलात. बघायला येणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या घरात शिरलोय असं वाटता कामा नये, एवढंच बोललात. देवघराला हात लावू दिला नाहीत.

वासाचं तर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दार उघडलं की गटाराचा भपकारा यायचा आणि आम्ही डांबरगोळ्या टाकत सुटलो होतो. तुम्ही बाथरूमच्या जाळीवर बॅटरी मारून दाखवलंत. घर बंद राहिलं की नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकून जातं, आणि ते पाणीच तर खालचा वास अडवत असतं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतलं, दोन दिवसांनी पुन्हा ओतलं. वासही गेला, झुरळंही कमी झाली. घर बंद ठेवून विकायला काढलेल्या प्रत्येकाला मी आता हे सांगत सुटले आहे. एक्झॉस्ट पंख्याचं चिकट तेल धुण्याच्या सोड्यानं आणि गरम पाण्यानं काढणं, टाइल्सच्या फटीत व्हाइट सिमेंट भरणं, गळक्या नळांचे वॉशर बदलणं ही कामं तुम्ही नातवाकडून करून घेतलीत. त्यालाही मनापासून थँक्यू. त्याचा जो मोबाइल पाण्यात पडला, त्याचं मी बघते आहे.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. बेडरूमची पश्चिमेची भिंत. पोपडे सुटलेले, त्यांच्या कडेनं पांढरा खार. एजंट म्हणाला, वॉलपेपर लावा, नाहीतर कपाट सरकवा तिकडे, कोण बघतंय. रंगारीही दोन हात मारून द्यायला तयार होता. खोटी भिंत खरी भासवण्यात ज्यांची हयात गेली, त्या तुम्ही ठाम नाही म्हणालात. "सेटवरची भिंत तीन तास टिकली की झालं. इथे त्यांना पावसाळे काढायचेत." रुपयाच्या नाण्यानं भिंत वाजवत गेलात आणि जिथे पोकळ वाजली तिथे खडूनं रेघ मारलीत. गच्चीतून वाकून बघितलंत, तर खिडकीच्या छज्ज्याला वरून तडा. बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती दुरुस्त करणं उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम, हे कमिटीला तुम्हीच शांतपणे वाचून दाखवलंत. आमच्या चिठ्ठ्या तोवर फायलीत पडून होत्या.

मग थांबणं आलं. सुटलेलं प्लास्टर खरवडून भिंत उघडी ठेवली. पितृपंधरवड्यात तसंही कोणी घर बघायला फिरकत नाही. पाऊस हटल्यावर बाहेरचा तडा भरला, ऑक्टोबरच्या उन्हानं भिंत पुरती वाळवली, मगच आतलं प्लास्टर, पुट्टी आणि साधा ऑफ-व्हाइट. दसऱ्याचा मुहूर्त हुकला म्हणून एजंटनं मला बरंच ऐकवलं. दर टप्प्याचे फोटो तुम्ही काढायला लावले होते. ते बघणाऱ्यांना दाखवायचे, हेही तुम्हीच ठरवलंत.

मार्गशीर्षात जे जोडपं आलं, त्यातल्या बाईंनी थेट त्याच भिंतीला तळवा लावला. मी फोन पुढे केला आणि सगळे फोटो दाखवले. त्यांच्या मिस्टरांनी त्यावरून भाव थोडा पाडलाच, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर शंका काढली नाही. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, जुना करारनामा, महापालिकेच्या कराची पावती, मेंटेनन्सची शेवटची पावती, सगळं तुम्ही सांगितलं होतं तसं एका फायलीत होतं, आणि ती फाइल त्यांनी तिथेच बसून वाचून काढली. सोसायटीच्या हस्तांतरण शुल्काला 25,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे, ही आठवणही तुमचीच. कमिटीत त्यावर देणगी मागायचा विषय निघाला होता. तो तिथेच बारगळला.

तुम्ही पाकीट नातवाच्या हाती परत पाठवलंत. ते मी पुन्हा पाठवणार नाही, तुमचा स्वभाव माहीत आहे. फक्त एकदा वेळ काढून खारघरला या. ठाण्याहून पनवेलची लोकल धरा, स्टेशनवर मी घ्यायला येते. आईनं लोखंडी कपाट इथे आणलंय आणि तिच्या खोलीच्या खिडकीला निम्मं आडवं लावून घेतलंय. माझं ती ऐकत नाही. तुम्हीच सांगून बघा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची